मेघ अडला की पत्र अडतं

नकाशाचं पुस्तक उघडा आणि त्यात ‘५६ एपीओ’ नावाचं गाव शोधून दाखवा. हवा तेवढा वेळ घ्या. भिंग घ्या, मोठ्या भावाला मदतीला घ्या. सापडणार नाही. आणि तरीही या पत्त्यावर देशाच्या कानाकोपऱ्यातून पत्रं जातात, पार्सलं जातात, राखीपौर्णिमेच्या आधी राख्यांची पाकिटं जातात, आणि ती बरोब्बर ज्याची त्याला मिळतात!

एपीओ म्हणजे सैन्याचं टपालघर. सैनिकाला पत्र लिहिताना आपण गावाचं नाव लिहीतच नाही. त्याचा नंबर, हुद्दा, नाव, पलटणीचं नाव, त्याखाली ‘मार्फत ५६ एपीओ’ आणि शेवटी सहा आकडी पिनकोड. संपला पत्ता. ना तालुका, ना जिल्हा, ना राज्य. पूर्वेकडच्या तुकड्यांसाठी असाच एक ‘९९ एपीओ’ आहे, तोही नकाशात नाही.

ही लपवाछपवी कशासाठी? समजा, पाकिटांवर गावांची नावं असती. मग टपालाची एक थैली कुणाच्या हाती लागली की त्याला घरबसल्या कळलं असतं, कोणती पलटण कुठे आहे आणि कुठे किती माणसं आहेत. म्हणून कोणती पलटण सध्या कुठे आहे हे फक्त सैन्याच्या टपालखात्याला माहीत. यात घरच्यांचीही सोय झाली. पलटण राजस्थानच्या वाळूतून उठून लडाखच्या बर्फात गेली, तरी आजीला नवा पत्ता पाठ करावा लागत नाही.

आता त्या सहा आकड्यांकडे बघा. तुमच्या घरचा पिनकोड महाराष्ट्रातला असेल तर तो ४ ने सुरू होतो, गोव्यातला असेल तरी ४ नेच. सैन्याचा सुरू होतो ९ ने. देशाचे आठ टपाल विभाग केले आणि नववा आकडा सैन्यासाठी राखून ठेवला. ही पद्धत बसवली ती श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. ते केंद्र सरकारच्या दळणवळण मंत्रालयात अधिकारी होते आणि संस्कृतचे मोठे पंडित. १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड सुरू झाला. त्याच वर्षी मार्च महिन्यात सैन्याच्या टपालसेवेची स्वतंत्र कोअर तयार झाली होती. लढाईवर गेलेल्या फौजेबरोबर टपालघर पाठवायची रीत मात्र त्याहून पुष्कळ जुनी. १८५६ मध्ये मुंबईहून इराणच्या बुशहर बंदराकडे फौज निघाली, तेव्हा तिच्याबरोबर टपालघरही जहाजात चढलं होतं.

पुरे झाला इतिहास. आपण एक पत्र सोडूनच बघू या.

साताऱ्याजवळ अपशिंगे नावाचं गाव आहे. तिथल्या इतक्या घरांतून माणसं फौजेत गेली की गावाला ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणायला लागले. समजा, त्या गावातल्या सहावीतल्या एका मुलीचे बाबा सियाचिनच्या बर्फावर आहेत. तिनं एका मोठ्या कोऱ्या कागदावर दोन्ही बाजूंनी गच्च मजकूर लिहिला. असा एक कागद भरतो पाच ग्रॅमचा. पाकीट, तिकीट, डिंक आणि कोपऱ्यात चिकटवलेलं मोरपिसाचं एक टोक धरलं, तर सगळं मिळून साधारण दहा ग्रॅम. हा दहाचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. आईनं सोबत चकल्यांचं एक वेगळं पार्सल केलं.

पत्र सातारा सोडून दिल्लीला पोचलं. सैन्यासाठी आलेलं सगळं टपाल तिथल्या मोठ्या टपालघरात पलटणीप्रमाणे वेगळं होतं. असं दुसरं मोठं टपालघर कोलकात्याला आहे. दिल्लीहून थैली विमानात बसली आणि लेहला उतरली. उतरली तीही सकाळी. लेहचं विमानतळ डोंगरांच्या कुशीत आहे, दुपारी तिथे वारे फार उठतात, म्हणून विमानांची ये-जा सकाळीच उरकून घेतात.

लेहला पार्सल उघडलं असतं तर एक गंमत दिसली असती. चकल्यांची हवाबंद पिशवी टम्म फुगलेली! कुणी हवा भरली नव्हती. लेहचं विमानतळ समुद्रसपाटीपासून सव्वातीन हजार मीटर उंचावर आहे. तिथे बाहेरच्या हवेचा दाब कमी. पिशवीत मात्र साताऱ्याची हवा कोंडलेली, साताऱ्याच्या दाबाची. बाहेरून दाबणारं कुणी उरलं नाही, म्हणून ती आतून पसरली. तुम्ही लेहला गेलात तर वेफर्सचं पाकीट नेऊन बघा. हा प्रयोग खाऊन संपवता येतो, आणि प्रयोगांमध्ये हे फार कमी वेळा जमतं.

इथून पुढे पत्र आणि माणूस यांच्या प्रवासात मोठा फरक पडतो. पत्राला धाप लागत नाही. माणसाला लागते. बाबा सुट्टीवरून परत गेले, तेव्हा लेहला उतरल्यावर त्यांना लगेच वर पाठवलं नाही. आधी सहा दिवस साधारण ३६०० मीटरपर्यंतच्या उंचीवर राहायचं, मग त्याच्या वरच्या टप्प्यावर चार दिवस, मग आणखी वर चार दिवस, अशी सैन्यात पद्धत आहे. पहिले दोन दिवस तर नुसतं पडून राहायचं. पळायचं नाही, ओझं उचलायचं नाही. एरवी फौजेत आळस केला तर ओरडा बसतो. इथे आळस केला नाही तर बसतो!

कारण हवा. उंचावर ऑक्सिजनचा वाटा कमी होतो असं पुष्कळ जणांना वाटतं. तसं नाही. मुंबईच्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो, आणि सियाचिनच्या हवेतही २१ टक्केच. पण सियाचिनची मुळात हवाच विरळ. सहा हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्याहूनही कमी असतो. एका श्वासात ऑक्सिजन येतो तोही निम्म्याहून कमी. मग शरीर हळूहळू जुळवून घेतं. श्वास जलद होतात आणि काही दिवसांनी रक्तातल्या तांबड्या पेशी वाढायला लागतात. शरीराला वेळ न देता वर गेलं, तर फुप्फुसांत किंवा मेंदूत पाणी साठून जिवावर बेततं.

पत्र मात्र विश्रांती न घेता खारदुंग ला ही पाच हजार मीटरहून उंच खिंड ओलांडून नुब्राच्या खोऱ्यात उतरलं आणि सियाचिनच्या बेस कॅम्पला पोचलं. बेस कॅम्पला ओपी बाबांचं ठाणं आहे. ओमप्रकाश नावाचा एक जवान बर्फात हरवला आणि तोच आता सगळ्यांची राखण करतो, अशी जवानांची श्रद्धा आहे. वर जाणारी तुकडी आधी त्यांच्यापुढे सावधान उभी राहून ‘जातो’ अशी वर्दी देते, आणि परतल्यावर ‘आलो’ अशी.

बेस कॅम्पपुढे रस्ता संपतो. पुढे नुसता बर्फ. सियाचिन हिमनदी सुमारे ७५ किलोमीटर लांब आहे. म्हणजे मुंबईत सुरू झालेली बर्फाची नदी जवळजवळ खोपोलीपर्यंत गेली समजा. ही नदी आहे आणि ती सरकते, पण आपल्याला दिसणार नाही इतकी सावकाश. सरकताना तिला भेगा पडतात. काही भेगांत आख्खी इमारत मावेल. वर ताज्या बर्फाचं पातळ झाकण बसलं की भेग दिसतही नाही. म्हणून जवान एकमेकांना दोरानं बांधून चालतात. एक आत गेलाच तर बाकीचे त्याला धरून ठेवतात. या वाटेनं सामान नेणारे लडाखी हमालही असतात. पाठीवर ओझं घेऊन ते ज्या सहजतेनं चढतात, ते बघून भल्याभल्या जवानांनी त्यांना सलाम केलेला आहे.

सगळ्यात उंच चौक्यांवर मात्र भरवसा हेलिकॉप्टरचाच. तिथे जातं ते छोटंसं ‘चीता’. मूळचं फ्रेंच ‘लामा’ हेलिकॉप्टर आपल्याकडे बनायला लागलं, त्याचं हे नाव. दिसायला काचेचा बुडबुडा आणि मागे लोखंडी सांगाडा, पण याच जातीच्या हेलिकॉप्टरनं १९७२ मध्ये १२,४४२ मीटर उंची गाठली होती! जाँ बुले नावाचा वैमानिक ते चालवत होता. इतक्या वर गेल्यावर इंजिन बंदच पडलं. बुलेसाहेब न डगमगता, नुसत्या फिरत्या पात्यांच्या आधारानं खाली उतरले.

हेलिकॉप्टरची पाती हवेला खाली ढकलतात, म्हणून ते वर राहतं. ढकलायला हवाच कमी असेल तर? मग वजन कमी करायचं. सर्वांत उंच चौक्यांवर जाताना चीता मोजकेच किलो घेऊन जाऊ शकतं. त्यामुळे बेस कॅम्पला प्रत्येक वस्तू काट्यावर चढते. रॉकेलचा वीस लिटरचा डबा घ्या. नुसतं रॉकेलच सोळा किलो. त्या सोळा किलोंत आपल्या मुलीच्या पत्रासारखी सोळाशे पत्रं बसतील. पण सोळाशे पत्रं जाळून डाळ शिजत नाही. आधी रॉकेल, औषधं, शिधा. आणि या सगळ्याच्या फटीत टपालाची थैली. ती इतकी हलकी असते की तिला ‘नाही’ म्हणावं असं कुणालाच वाटत नाही. चकल्यांच्या पार्सलाला मात्र थोडं थांबावं लागलं तर रागावू नका.

थैली चढली. पाती फिरायला लागणार, एवढ्यात वर डोंगरावर ढग आले. झालं! हेलिकॉप्टर रद्द.

मला इथे नेहमी गंमत वाटते. १३ एप्रिल १९८४ रोजी भारतीय सैन्यानं सियाचिनवर पाय रोवले, त्या मोहिमेचं नाव होतं ‘ऑपरेशन मेघदूत’. कालिदासाचं ‘मेघदूत’ तुम्ही पुढे कधीतरी वाचाल. त्यातला यक्ष शिक्षा म्हणून घरापासून दूर रामगिरीवर राहतो आहे. हा रामगिरी म्हणजे आपल्या नागपूरजवळचं रामटेक, असं बरेच अभ्यासक मानतात. यक्षाचं घर पार हिमालयात. आषाढातला ढग दिसल्यावर त्याला घरची आठवण येते आणि तो ढगालाच म्हणतो, माझा निरोप घेऊन जा. आपल्या गोष्टीत सगळं उलटं झालंय बघा. घर महाराष्ट्रात, माणूस हिमालयात. आणि निरोप घेऊन जायचं राहिलं बाजूला, हा मेघ निरोपाच्याच आडवा येतो! ढगात वैमानिकाला बर्फ कुठे संपला आणि आभाळ कुठे सुरू झालं ते कळत नाही. हवा खराब झाली की उड्डाणं दिवसेंदिवस थांबतात. कालिदासाला हे सांगायला हवं होतं.

ढग हटेपर्यंत आपण वर जाऊन येऊ. बाबांचा दिवस कसा जातो ते बघू.

चौकी म्हणजे फायबरची एक-दोन बुटकी घरटी किंवा तंबू, आणि त्यात थोडे जवान. सकाळी उठल्यावर पहिलं काम फावड्याचं. रात्री पडलेला बर्फ दारासमोरून, छतावरून, बाहेर जायच्या वाटेवरून काढायचा. नाही काढला तर घरटं हळूहळू गाडलं जातं. फावडं मारायचं तेही सावकाश. चार फावडी, मग उभं राहून श्वास. पुन्हा चार. थंडीच्या दिवसांत पारा उणे ५० अंशांपर्यंत उतरतो. लोखंडाला उघडा हात लावायचा नाही, कातडी चिकटते आणि सोलून निघते. बंदुकीलासुद्धा हातमोजे घालूनच हात लावायचा.

मग चहा. आणि चहासाठी पाणी. चहूकडे पाणीच पाणी आहे, पण सगळं गोठलेलं. भुसभुशीत ताजा बर्फ पातेलंभर घेतला तर वितळून तळाला पाणी उरतं बोटभर, कारण त्यात बर्फापेक्षा हवाच जास्त. दहा पातेली बर्फ तेव्हा कुठे एक पातेलं पाणी. त्यातही पातेल्यात आधी थोडं पाणी ठेवायचं आणि मग त्यात बर्फ टाकायचा. कोरडा बर्फ नुसताच आचेवर ठेवला तर तो तळाशी नीट टेकत नाही, पातेलं करपतं आणि पाण्याला जळका वास येतो.

आता खरी गोम ऐका. शून्य अंशाच्या एक किलो बर्फाचं शून्य अंशाचंच पाणी करायला जितकी उष्णता लागते, तितक्याच उष्णतेत ते पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापलं असतं. म्हणजे शेगडी भरपूर जळते आणि थर्मामीटर काही हलत नाही! सगळी उष्णता बर्फाचे कण सुटे करण्यात खर्च होते. आणि सहा हजार मीटरवर पाणी उकळतं किती अंशांना? साधारण ८० ला! समुद्रकाठी १०० ला उकळणारं पाणी इथे ८० लाच उड्या मारायला लागतं, कारण वरून दाबणारी हवा कमी. म्हणजे चहाच्या पाण्यासाठी जळलेल्या रॉकेलपैकी निम्मं तरी नुसतं बर्फाचं पाणी करण्यात गेलं. ते सोळा किलोंचे डबे इतके का लागतात, ते आता कळलं ना?

पाणी उकळलं तरी ते आहे ८० अंशांचंच. त्यामुळे चहा पावडर टाकून कितीही वेळ ठेवा, आईच्या हातचा रंग काही येत नाही. डाळ तर उघड्या पातेल्यात शिजतच नाही. पाण्याला उड्या मारताना बघून फसायचं नाही, उड्या मारणं वेगळं आणि गरम असणं वेगळं. म्हणून लंगरात, म्हणजे सैन्याच्या स्वयंपाकघरात, प्रेशर कुकरशिवाय पान हलत नाही. कुकर वाफ कोंडून आतला दाब वाढवतो आणि त्या उंचीवरही आतलं पाणी ११० अंशांच्या आसपास नेतो. पुण्यातल्या कुकरमध्ये ते त्याहूनही थोडं जास्त तापतं. थोडक्यात, सियाचिनला वरणभातासाठी शिट्ट्या जास्त लागतात.

२०१९ मध्ये सियाचिनच्या जवानांनी एक व्हिडिओ काढला होता, तो पुष्कळांनी बघितला. त्यात ते हातोडीनं अंडं फोडायचा प्रयत्न करतात आणि अंडं ढिम्म फुटत नाही. फळांच्या रसाचा खोका कापला तर आतून रसाची वीट निघते. बटाटा, कांदा, टोमॅटो सगळ्यांची तीच गत. ज्याच्या आत पाणी, ते गोठणार. मग न गोठणारं काय? आपल्या चकल्या! शंकरपाळी, चिवडा, शेव! यांतलं पाणी तळताना, भाजताना आधीच उडून गेलेलं असतं. गोठायला आत काही उरलेलंच नाही. उणे तीस अंशांतही चकली कुरकुरीत. बेसनाचा लाडू मात्र तुपामुळे दगड होतो, तो आधी शेगडीजवळ ठेवावा लागतो. आपल्या आज्यांनी फराळ सियाचिनसाठी शोधून काढला नव्हता, पण कामाला आला.

खाण्यापिण्याची चंगळ असते असंही नाही. सुका मेवा, चॉकलेटं, डबाबंद पदार्थ सरकार भरपूर पाठवतं, पण विरळ हवेत भूकच मरते. चॉकलेट बघून नको नको होतं. जीभ मागते ती हिरवी मिरची, ताजी भाकरी. ज्या वयात तुम्हाला चॉकलेट मिळत नाही म्हणून रडू येतं, त्या वयात हे ऐकून विश्वास बसणार नाही, हे मला ठाऊक आहे.

दिवसभर बुखारी जळत असते. बुखारी म्हणजे खोली गरम ठेवणारी रॉकेलची शेगडी. ती ऊब देते आणि काजळीही देते. थोड्या दिवसांत सगळ्यांचे चेहरे सारखेच काळपट. आंघोळ? कित्येक आठवडे नाही! (बघा, तुम्हाला आता फौजेत जावंसं वाटायला लागलं.) कपडे मात्र एकावर एक घातलेले. एक जाड कोट घालण्यापेक्षा तीन-चार पातळ थर बरे, कारण ऊब कापड देत नाही, दोन थरांमध्ये अडकलेली हवा देते. फक्त घाम येऊ द्यायचा नाही. घाम मोज्यात गोठला की बोटाला हिमदंश होतो, म्हणजे रक्त पोचेनासं होऊन बोट मरायला लागतं. म्हणून जोडीदार एकमेकांचे पाय तपासतात. बोट पांढरं पडलंय का? टोचलेलं कळतंय का? घरी आईनं पाय दाखव म्हटलं तर आपण पळतो, इथे सुभेदारसाहेबांपुढे मुकाट्यानं बूट काढावे लागतात.

रात्री आळीपाळीनं पहारा. नोव्हेंबर २००३ पासून इथे भारत आणि पाकिस्तान, दोन्हीकडच्या बंदुका थांबल्या आहेत, पण पहारा थांबलेला नाही. आणि पहिल्यापासूनच गोळीनं घेतले नसतील एवढे जीव इथे थंडीनं, उंचीनं आणि कोसळणाऱ्या बर्फानं घेतले आहेत. पहारा नसेल तेव्हा पत्ते, लुडो, आणि तीच तीच जुनी वर्तमानपत्रं. जाहिरातींसकट पाठ झालेली. ठरावीक वेळी बेसशी बिनतारी यंत्रावर बोलणं. ‘सब ठीक’ सांगून झालं की पुढचा प्रश्न हमखास असतो: उद्या हेलिकॉप्टर आहे का?

आहे! ढग हटले. पाती गरगरली, बर्फाचा धुरळा उडाला. इतक्या उंचीवर हेलिकॉप्टर फार वेळ टेकत नाही, इंजिन बंद तर करतच नाही. पटापट डबे उतरले, थैली उतरली, एका आजारी जवानाला आत बसवलं, आणि ते गेलंसुद्धा.

चौकीवर पत्र फोडायची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. कुणी तिथल्या तिथे, हातमोज्यांनीच फाडतो. कुणी खिशात ठेवून रात्रीच्या पहाऱ्यानंतर वाचायचं म्हणून जपतो. ज्याचं आलं नाही तो शेजाऱ्याचं ऐकतो. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकांत लढणारे आपले शिपाई १९१५ च्या सुरुवातीला आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रं लिहीत होते. त्यांतल्या पुष्कळांना लिहिता-वाचता येत नव्हतं. साक्षर सोबत्याला सांगून लिहून घ्यायचं, आणि आलेलं पत्र सगळ्यांत बसून ऐकायचं. वर साहेब लोकांचे तपासनीस पत्रं उघडून बघायचे. इतकी माणसं कान लावून बसलेली असताना बायकोला काय लिहिणार बिचारे? तरी लिहायचे. पाऊस झाला का, शेत कुणी पेरलं, बैल कसा आहे.

आजही जवानाला याच बातम्या हव्या असतात. तुम्ही लिहिता, ‘आम्ही सर्व मजेत आहोत, आमची काळजी करू नका.’ त्यातून बाबांना काय कळलं? काहीही नाही! अपशिंग्याच्या त्या मुलीनं काय लिहिलं बघा. म्हैस व्यायली, पारडू कपाळावर पांढऱ्या चांदाचं आहे. आजीनं चष्मा फोडला आणि मांजरावर नाव घातलं. गणितात शंभरातले एकसष्ट मिळाले, पण वर्गात सगळ्यांनाच कमी आहेत. विहिरीला अजून दोन परस पाणी आहे. हे पत्र चौकीवर सगळ्यांनी वाचलं. आता तिथल्या प्रत्येकाला त्या पारडाचं नाव काय ठेवायचं याबद्दल स्वतःचं मत आहे.

उत्तर लिहायला बाबांनी बॉलपेन घेतलं तर ते उमटेना. थंडीत बॉलपेनमधली शाई घट्ट होते आणि टोकाच्या गोळीबरोबर वाहत नाही. एक पेन रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा (आईला विचारून), सकाळी काढल्या काढल्या लिहून बघा आणि जवळच पेन्सिलही गारठवून तिनंही लिहा. पेन्सिलीत गोठायला काही नसतंच, ग्रॅफाइट नुसतं घासलं जाऊन कागदावर बसतं. पेन वापरायचंच असेल तर ते आतल्या खिशात, अंगाशी धरून गरम ठेवायचं. टॉर्चच्या बॅटऱ्यांचंही तसंच. थंडीत बॅटरीतल्या रासायनिक क्रिया मंदावतात, म्हणून त्या जवानाच्या बगलेत झोपतात.

“पण आता तर फोन आहेत ना?” आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये सियाचिनवर १९,०६१ फुटांवर उपग्रहातून इंटरनेट पोचलं. जानेवारी २०२५ मध्ये मोबाइलचं ५जीसुद्धा आलं. पत्रं कमी झाली, हे खरंच आहे, आणि घरचा चेहरा बघायला मिळत असेल तर मी पत्रासाठी हट्ट धरणार नाही. पत्राला बॅटरी लागत नाही आणि ते पन्नास वेळा वाचता येतं, एवढं मात्र त्याच्या बाजूनं बोलून ठेवते.

इंटरनेट आणि मोबाइल येण्याआधी बरीच वर्षं घरच्यांशी बोलायला होता तो उपग्रहाचा फोन, आणि मोबाइलचं जाळं नाही तिथे अजूनही तोच. त्याची एक खोड सांगते. असे बरेच उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतात. आईचा आवाज आधी तिथे चढतो, मग सियाचिनवर उतरतो, म्हणजे ७२,००० किलोमीटर झाले. रेडिओलहरी प्रकाशाच्या वेगानं, सेकंदाला तीन लाख किलोमीटर, धावतात. तरी एका फेरीला पाव सेकंद लागतोच, आणि उत्तर परत यायला आणखी पाव. आई विचारते, “जेवलास का?” अर्धा सेकंद शांतता. आईच्या पोटात गोळा. हा गप्प का झाला? काही झालं का? ती पुन्हा विचारते, तेवढ्यात तिकडून पहिलं “जेवलो” येऊन तिच्या दुसऱ्या प्रश्नावर आदळतं, मग दोघंही थांबतात, मग दोघंही एकदम बोलतात. बाबांची काही चूक नाही हो. कुकरला इतक्या शिट्ट्या काढून ते खरोखरच जेवलेले आहेत. पण प्रकाशापेक्षा जलद “जेवलो” म्हणणं अजून कुठल्याच पलटणीला जमलेलं नाही!